जमिनीचा कार्बन सिंक आणि मातीतलं पोषण: प्रकल्प नोंदी

४ जानेवारी २०२५

आजपासून रोजच्या रोज नाही पण जमेल तसं लिहून ठेवणार, कारण मागच्या प्रोजेक्टला कुठला आकडा का बदलला होता हे तीन आठवड्यांनी कुणालाच आठवत नव्हतं आणि ते परत शोधण्यात खूप वेळ गेला.

प्रश्न असा आहे. कोळसा, तेल, गॅस जाळून आणि जंगलं तोडून माणूस वर्षाला साधारण ११ अब्ज टन कार्बन हवेत सोडतो. (सीओटूचं वजन नाही, फक्त त्यातल्या कार्बनचं, सगळीकडे हेच मोजणार, नाहीतर गोंधळ होतो.) त्यातला जवळपास ३० टक्के, म्हणजे ३ अब्ज टनांच्या आसपास, जमिनीवरची झाडं, गवत आणि माती मिळून परत ओढून घेतात. कुणी सांगितलं नाही, कुणी पैसे दिले नाहीत, तरी दरवर्षी हे चालू आहे. १९५८ साली मौना लोआवर मोजायला सुरुवात झाली तेव्हा हवेत ३१५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ३१५ भाग) आसपास सीओटू होता, आता ४२० च्या पुढे गेलाय, आणि जमीन नि समुद्र दोघांनी हात दिला नसता तर आत्ताच आपण कितीतरी वर असतो. मग ही मदत पुढे पन्नास वर्षं अशीच मिळेल का, वाढेल का, की हळूहळू आटेल?

वाढेल म्हणणाऱ्यांचा मुद्दा सरळ आहे आणि पानापुरता तो बरोबरही आहे. पानात रुबिस्को नावाचं प्रोटीन सीओटू पकडतं, पण त्याची ओळख कच्ची आहे, मध्येच ऑक्सिजन पकडून बसतं आणि मग केलेलं काम वाया जातं. हवेत सीओटू जास्त असला की ही चूक कमी होते. शिवाय पानावरची छिद्रं थोडी मिटून ठेवली तरी भागतं, म्हणजे पाणीही वाचतं. पण पान काही नुसत्या कार्बनचं नसतं. ते रुबिस्को बनवायलाच ढीगभर नायट्रोजन लागतो, आणि पेशीची एनर्जी, डीएनए, पेशीचं आवरण या सगळ्याला फॉस्फरस लागतो. हे दोन्ही मुळांवाटे मातीतून येतं. हवा ७८ टक्के नायट्रोजन आहे खरी पण झाडाला तो तसा घेता येत नाही.

ठरलं ते असं: पायथनमध्ये छोटं बॉक्स मॉडेल. एक चौरस मीटर जंगल, पाच बॉक्स, पान, लाकूड, बारीक मुळं, पाचोळा, माती. एका वर्षाची एक स्टेप. आधी फक्त कार्बन, मग नायट्रोजन जोडायचा, मग फॉस्फरस. मोठी मॉडेल आहेतच, पण आत काय चाललंय ते हाताने करून बघायचंय.

७ जानेवारी

फक्त कार्बनवालं मॉडेल चाललं. सीओटू वाढवला, वाढ वाढली, लाकूड वाढलं, पाचोळा वाढला, माती पण भरत गेली. सगळ्या रेषा वर. थांबवणारं काही घातलंच नाहीये त्यामुळे यात नवल काही नाही, पण ग्राफ सेव्ह करून ठेवला, पुढच्या प्रत्येक रनच्या मागे हाच फिकट रंगात दाखवायचा.

१२ जानेवारी

कोड लिहायच्या आधी आज कागदावर हिशोब केला आणि खरं सांगायचं तर गेल्या आठवड्यातलं सगळ्यात कामाचं हेच झालं.

धरून चाललो की जंगल वर्षाला एका चौरस मीटरवर १००० ग्रॅम कार्बनची नवी वाढ करतं. ३०० पानांत, ३०० लाकडात, ४०० बारीक मुळांत. (गोल आकडे आहेत, पण वेड्यासारखे नाहीत.) आता प्रत्येकाला नायट्रोजन किती लागतो? ताज्या पानात २५ ग्रॅम कार्बनमागे १ ग्रॅम, म्हणजे १२ ग्रॅम. लाकूड यात फार काटकसरी, ३०० ला १, म्हणजे फक्त १ ग्रॅम. मुळं ५० ला १ धरली, ८ ग्रॅम. एकूण २१. पण पान गळायच्या आधी झाड त्यातला साधारण अर्धा नायट्रोजन परत आत ओढून घेतं, ते ६ ग्रॅम वाचले. उरले १५ ग्रॅम, ते दरवर्षी मातीतूनच यायला हवेत.

आता सीओटू वाढला आणि वाढ २३ टक्के जास्त झाली असं धरू. हा २३ मनाचा नाही, मोकळ्या हवेत सीओटू सोडून जंगलांवर जे पहिले चार मोठे प्रयोग झाले त्यांतला मधला आकडा २००५ साली तोच निघाला होता. मग नायट्रोजनची मागणी १५ वरून साधारण साडेअठरावर जाते. वरचे साडेतीन ग्रॅम कुठून आणायचे? पावसातून आणि जमिनीत नायट्रोजन पकडणाऱ्या बॅक्टेरियांकडून मिळून मी वर्षाला १ ग्रॅम आवक धरली आहे, आणि तेवढाच पाण्याबरोबर वाहून जातो. ते वाहून जाणं झाडाने पूर्ण थांबवलं तरी तेवढा १ ग्रॅमच हाती लागतो. बाकीचे अडीच ग्रॅम मातीने सोडायला पाहिजेत.

आणि माती गरीब आहे का, तर मुळीच नाही. माझ्या मॉडेलच्या मातीत चौरस मीटरला १००० ग्रॅम नायट्रोजन पडून आहे, झाडाला लागतात त्यातले १५, म्हणजे दीड टक्का. पण तो जवळजवळ सगळा ह्युमसमध्ये, म्हणजे पाचोळा कुजून उरलेल्या काळ्या भागात अडकलेला, कार्बनच्या साखळ्यांत गुंडाळलेला, आणि तो सुटतो तो मायक्रोब्सच्या मर्जीने. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार अशी म्हण आहे, इथे मात्र आडात पाणी भरपूर आहे आणि पोहराच छोटा आहे, दर फेरीला तेवढंच येतं. मला वाटतं या प्रोजेक्टचं घोडं इथेच पेंड खातंय. साठा किती हे विचारून उपयोग नाही, वर्षाला किती सुटतो आणि तो आधी कोणाच्या हाती पडतो हे बघायला हवं.

यामुळे लीबिगच्या पिंपाबद्दलही डोक्यात जरा बदल झाला. पिंपाची सगळ्यात आखूड फळी, म्हणजे सगळ्यात कमी पडणारं पोषण, जिथे आहे तिथपर्यंतच पाणी, म्हणजे वाढ, चढते, हे शाळेपासून शिकलोय. (तत्त्व मुळात कार्ल श्प्रेंगल यांनी १८२८ च्या सुमाराला मांडलं होतं, लीबिग यांनी १८४० नंतर ते गाजवलं.) शेतात ते चालतं कारण दरवर्षी पीक काढून नेतात. जंगलात तोच नायट्रोजन फिरून फिरून येतो, आणि झाड स्वतः साखर मुळांतून सोडून तो फिरण्याचा वेगही बदलू शकतं. म्हणजे फळी आखूड आहे, पण ती थोडीफार ताणली जाते. किती ताणली जाते यावरच सगळं आलं.

१३ जानेवारी

कालचाच हिशोब अख्ख्या पृथ्वीला लावून बघितला. ३ अब्ज टन कार्बन दरवर्षी नवा साठवायचाय. तो सगळा लाकडात गेला तर ३०० ला १ या हिशोबाने १ कोटी टन नायट्रोजन पुरतो. सगळा मातीत गेला तर तिथे साधारण १२ ला १ लागतो, म्हणजे २५ कोटी टन! जगातले सगळे कारखाने मिळून हवेतून वर्षाला जेवढा नायट्रोजन काढतात तो १२ कोटी टनांच्या आसपास आहे, त्याच्या दुप्पट. तोच कार्बन, पण कुठे ठेवला यावरून नायट्रोजनचा खर्च पंचवीस पट बदलतो.

ब्रूस हंगेट आणि सहकाऱ्यांनी २००३ साली साधारण अशाच धर्तीवर मोठ्या मॉडेलांचे अंदाज तपासले होते आणि मॉडेलं जेवढा कार्बन जमिनीत जाईल म्हणत होती त्यातल्या बऱ्याच भागाला पुरेल इतका नायट्रोजन मिळण्याची शक्यताच नाही असं दाखवलं होतं. बेरीज-भागाकाराने एवढं मोठं काही उघडं पडू शकतं याचं मला फार कौतुक वाटतं.

१९ जानेवारी

नायट्रोजन जोडला आणि रन केलं तर काहीच फरक नाही, रेषा कार्बनवाल्या ग्राफवर जवळजवळ चिकटलेली. दोन दिवस मी मुळांचं समीकरण तपासत बसले. मग प्रोजेक्ट पार्टनर म्हणाला, शंभर वर्षांनी मातीत एकूण नायट्रोजन किती आहे ते तरी छापून बघ. छापला तर १००० चे १९०० झालेले. शंभर वर्षांत ९०० ग्रॅम आले कुठून?

आवक १० लिहिली होती. ते हेक्टरी किलो होते, मॉडेल चालतंय चौरस मीटरला ग्रॅममध्ये. हेक्टरी १० किलो म्हणजे चौरस मीटरला १ ग्रॅम. दहापट खत पडत होतं जंगलावर.

सुधारल्यावर चित्र एकदम बदललं. पहिली काही वर्षं वाढ उसळते, मग हळूहळू खाली सरकत जाते आणि मूळ पातळीच्या थोडी वर येऊन रेंगाळते. आता प्रत्येक रनच्या शेवटी नायट्रोजनचा ताळेबंद आपोआप छापला जाईल: आधी किती, आला किती, गेला किती, उरला किती.

२५ जानेवारी

खाली सरकणारी रेषा मॉडेलचीच करामत आहे की खरंच तसं होतं, हे बघायला प्रत्यक्ष प्रयोगांचे पेपर काढले. या प्रयोगांना फेस म्हणतात. झाडांभोवती उंच पाइपांचं रिंगण उभं करायचं, वारा कुठून येतो ते बघून त्या बाजूने सीओटू सोडायचा, वर छप्पर नाही, काच नाही, ऊन पाऊस किडे सगळं जसंच्या तसं.

टेनेसीतल्या ओक रिजला स्वीटगम झाडांची लागवड होती, तिथे रिचर्ड नॉर्बी यांच्या टीमने वर्षानुवर्षं सीओटू ५५० पीपीएमच्या आसपास ठेवला. २००१ ते २००३ मध्ये जादा वाढ २४ टक्के होती. २००८ मध्ये ९ टक्के. पानांतला नायट्रोजन उतरत गेला, आणि शेजारच्या तुकड्यात नायट्रोजन खत घातलं तर झाडं लगेच वाढली, म्हणजे अडलं होतं ते तिथेच. माझ्या रेषेचा आकार आणि त्यांच्या रेषेचा आकार शेजारी ठेवले आणि थोडा वेळ नुसती बघत बसले. (आकारच फक्त, आकडे जुळवण्याचा दावा नाही.)

पण मग ड्यूकचा प्रयोग आडवा आला. नॉर्थ कॅरोलिनातलं लॉबलॉली पाइनचं जंगल, १९९६ ते २०१०, तिथे जादा वाढ टिकून राहिली. माती काही फार श्रीमंत नव्हती. झालं असं की पाइनची मुळं जास्त पसरली, जास्त साखर मातीत सोडायला लागली, त्या साखरेवर मायक्रोब्स जोमात आले आणि त्यांनी जुना ह्युमस फोडून नायट्रोजन मोकळा केला. म्हणजे झाडाने कार्बन देऊन नायट्रोजन विकत घेतला. हवेतून फुकट मिळालेला जादा कार्बन ज्याची टंचाई आहे त्यावर खर्च केला. पण ह्युमस फोडला की त्यातला कार्बन सीओटू होऊन वर जातो, त्यामुळे लाकडात जमा आणि मातीत वजा असं दोन्ही एकदम चालतं, आणि ड्यूकला मातीचा कार्बन म्हणावा तसा वाढला नाही याचं कारण बहुतेक हेच.

त्याच परिसरात राम ओरेन यांच्या टीमचं आधीचं एक काम आहे, २००१ सालचं. जादा सीओटूने झालेली वाढ तीन वर्षांत ओसरली, पण सोबत खतही दिलं तिथे दोन्हींचा मिळून परिणाम वेगवेगळ्या परिणामांच्या बेरजेपेक्षा जास्त निघाला. आणि अगदी नापीक जागी सीओटूने काही विशेष झालंच नाही.

सरांना दाखवलं तर ते म्हणाले, मग तुझ्या मॉडेलमधली झाडं मुळांवर कार्बन खर्च करतात का? नाही करत. ३०-३०-४० पक्कं बांधलेलं आहे. हे बदलायलाच पाहिजे.

२ फेब्रुवारी

वाटप बदललं. नायट्रोजन कमी पडला की लाकडाचा हिस्सा कमी करून मुळांना द्यायचा आणि मुळांच्या प्रमाणात ह्युमस फुटण्याचा वेग थोडा वाढवायचा. आता एकाच मॉडेलमधून ओक रिज आणि ड्यूक दोन्हींसारखे आकार निघतात, फक्त एका आकड्यावर अवलंबून, मुळांतून सोडलेल्या एका ग्रॅम कार्बनमागे किती नायट्रोजन सुटतो.

हा आकडा कशावर ठरतो? बऱ्याच अंशी मुळांवरच्या बुरशीवर. सेझर टेरर यांनी २०१६ मध्ये कितीतरी सीओटू प्रयोग एकत्र करून बघितले. एक्टोमायकोरायझा बुरशीशी जोडी असलेली झाडं, म्हणजे पाइन, ओक, बर्च वगैरे, नायट्रोजन कमी असतानाही साधारण ३० टक्के वाढ दाखवतात. दुसरी जी आर्बस्क्युलर बुरशी आहे, बहुतेक गवतांची आणि पुष्कळ उष्ण प्रदेशातल्या झाडांची जोडीदार, तिच्यासोबतच्या झाडांत नायट्रोजन कमी असेल तर परिणाम जवळपास शून्य. पहिली बुरशी ह्युमस फोडणारी एन्झाइम्स बाळगून असते, दुसरीकडे ती ताकद फारशी नसते. पाइन पहिल्या गटातलं आणि स्वीटगम दुसऱ्या. वाचताना अंगावर काटा आला.

९ फेब्रुवारी

फॉस्फरस. हा नायट्रोजनपेक्षा वेगळ्या स्वभावाचा आहे. नायट्रोजन शेवटी हवेतून येतो, त्यामुळे कोवळ्या, नुकत्या तयार झालेल्या जमिनीत तो नसतोच आणि काळाबरोबर साठत जातो. फॉस्फरस खडकातून येतो. खडक झिजतो, फॉस्फरस सुटतो, थोडा वाहून जातो, थोडा लोह आणि अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडला असा चिकटून बसतो की मुळांना मिळत नाही, आणि नवा खडक वर आला नाही तर लाखो वर्षांत जमीन त्याबाबत म्हातारी होत जाते. वॉकर आणि सायर्स यांनी १९७६ मध्ये हे चित्र मांडलं होतं.

याचा सगळ्यात सुंदर पुरावा हवाईत आहे. तिथली बेटं एकामागून एक ज्वालामुखीतून वर आलेली, त्यामुळे एका टोकाला ३०० वर्षांची जमीन आणि दुसऱ्या टोकाला काउआई बेटावर ४१ लाख वर्षांची. खडक तोच, हवामान सारखं निवडलेलं, आणि सगळीकडे मुख्य झाडही तेच, ओहिया. पीटर व्हिटुसेक आणि सहकाऱ्यांनी दोन्ही टोकांना खतं घालून बघितली. ३०० वर्षांच्या जमिनीवर नायट्रोजन घातला की झाड वाढतं, फॉस्फरसने नाही. ४१ लाख वर्षांच्या जमिनीवर बरोब्बर उलटं. आणि त्या म्हाताऱ्या जमिनीवर जो थोडा फॉस्फरस टिकून आहे त्यातला बराचसा मध्य आशियातून समुद्र ओलांडून आलेल्या धुळीतला आहे.

धुळीवरून अॅमेझॉन. चाडमधल्या बोडेले खोलगट भागातून, जिथे कधीकाळी तळं होतं, उडालेली धूळ अटलांटिक पार करून अॅमेझॉनवर पडते आणि तिच्यातून वर्षाला अंदाजे २२,००० टन फॉस्फरस मिळतो असा उपग्रहांवरून काढलेला हिशोब आहे. ऐकायला प्रचंड, पण दीडशे कोटी एकरांच्या आसपासची ही जमीन आहे, तिच्यावर पसरला तर एकराला १५ ग्रॅमच्या आसपास. एक मूठभरसुद्धा नाही. वर्षाच्या गरजेसाठी ही धूळ काहीच नाही, पण जे हळूहळू वाहून जातं ते हजारो वर्षं भरून काढायला पुरते.

मानौसजवळच्या जंगलात नायट्रोजन, फॉस्फरस आणि कॅल्शियम-पोटॅशियम वगैरे वेगवेगळे आणि एकत्र घालून बघितले, निकाल २०२२ मध्ये आले. फरक पडला तो फक्त फॉस्फरसने. बारीक मुळांची वाढ २९ टक्के जास्त, पानांची १९ टक्के जास्त. खोडात काही नाही, निदान पहिल्या दोन वर्षांत तरी. नायट्रोजन तिथे पुरेसा आहे.

मॉडेलमध्ये फॉस्फरसचे दोन बॉक्स घातले, एक सुटा आणि एक चिकटलेला. चिकटलेल्यातून परत यायला वेळ फार. जमीन तरुण की म्हातारी हे आता एका आकड्याने ठरवता येतं.

१६ फेब्रुवारी

आज फक्त युकफेस. सिडनीच्या पश्चिमेला रिचमंडजवळ निलगिरीचं नैसर्गिक, पूर्ण वाढलेलं जंगल आहे, फॉस्फरस अगदी कमी असलेल्या मातीवर. २०१२ पासून तिथे सीओटू १५० पीपीएमने जास्त ठेवलाय. ओक रिज आणि ड्यूक या तरुण लागवडी होत्या, हे पिकलेलं जंगल, आणि जगातला बराचसा कार्बन साठवून असलेली जंगलं अशीच, त्यामुळे मला या प्रयोगाचं महत्त्व सगळ्यात जास्त वाटतं.

२०२० साली त्यांनी कार्बनचा पूर्ण ताळेबंद मांडला. पानांनी १२ टक्के जास्त कार्बन आत घेतला, म्हणजे फोटोसिंथेसिस वाढलं यात शंका नाही. झाडं जाड झाली का? नाही. तो जादा कार्बन झाडातून मुळांवाटे मातीत गेला आणि मायक्रोब्सनी तो खाऊन परत हवेत सोडला, जादा आलेल्यातला जवळपास अर्धा तर नुसत्या मातीच्या श्वासातूनच गेला. म्हणजे मुळांनी ड्यूकसारखीच खरेदी करायला पैसे सोडले, पण बदल्यात फॉस्फरस आला नाही.

का आला नाही ते २०२४ च्या पेपरमध्ये. मातीतले मायक्रोब्स स्वतःच फॉस्फरसचे भुकेले आहेत. सुटलेला फॉस्फरस ते आधी उचलतात आणि धरून ठेवतात, झाडाच्या वाट्याला फार थोडा येतो. पोहरा वर येता येता मध्येच कुणीतरी ओंजळ लावून बसलंय.

हे वाचून मी माझ्या कोडकडे बघितलं. त्यात सुटलेलं पोषण सगळं आधी झाडाला मिळतं आणि उरलं तर मायक्रोब्सना. हा क्रम मी विचार न करता लिहिला होता, झाड हाच हिरो असं धरून. म्हणून परत कागदावर हिशोब: माझ्या मॉडेलमधल्या गळलेल्या पानात ३०० ग्रॅम कार्बनला ६ ग्रॅम नायट्रोजन, म्हणजे ५० ला १. मायक्रोबच्या शरीरात ८ ला १ लागतो. ५० ग्रॅम कार्बन खाल्ला, त्यातला ४० टक्के शरीरात ठेवला, बाकी श्वासात गेला, तर २० ग्रॅम कार्बनचं शरीर बांधायला अडीच ग्रॅम नायट्रोजन हवा. पाचोळ्यात आहे १. उरलेला दीड ग्रॅम ते मातीतून उचलणार, झाडाच्या आधी! लाकडाचा भुसा मातीत मिसळला की रोपं पिवळी पडतात ते याचमुळे. पाचोळा कुजत कुजत २० ला १ पर्यंत आला की मगच ते परत द्यायला लागतात. आणि जादा सीओटूत वाढलेल्या पानात नायट्रोजन आणखी कमी, म्हणजे उधारी आणखी मोठी आणि परतफेड आणखी उशिरा.

मॉडेलच्या मांडणीत याहून मोठा बदल आत्तापर्यंत झालेला नाही. मायक्रोब्सना आता स्वतःचा वेगळा बॉक्स.

२३ फेब्रुवारी

ज्यांना ज्यांना हे सांगितलं त्यातल्या निम्म्यांनी विचारलं, मग जंगलांना खत द्या की. प्रश्न रास्त आहे. खत घातल्यावर बहुतेक ठिकाणी वाढ होतेच, शंभरावर प्रयोग एकत्र केलेल्या २००८ च्या एका अभ्यासात नुसत्या नायट्रोजनने सरासरी २९ टक्के. पण अलास्कातल्या टूलिक तळ्याजवळच्या टुंड्राचं वाचा. वीस वर्षं नायट्रोजन आणि फॉस्फरस घातला. वर झुडपं दाट झाली, वरची वाढ दुप्पट झाली, बघणाऱ्याला वाटेल काय छान हिरवंगार. खाली खणून मोजलं तर खोल मातीतला जुना कार्बन इतका उडून गेला होता की सगळं धरून चौरस मीटरमागे साधारण २००० ग्रॅम कार्बनचा तोटा. थंड मातीत मायक्रोब्सही उपाशीच होते, खत मिळाल्यावर तेही कामाला लागले. शिवाय नायट्रोजन खतातून नायट्रस ऑक्साइड सुटतो, जो सीओटूपेक्षा वजनाला वजन शेकडो पट जास्त उष्णता अडकवतो, आणि खत बनवायला गॅस जळतो तो वेगळाच. त्यामुळे नुसतं हिरवं दिसतंय यावरून कार्बन साठतोय असं म्हणणं मी आता बंद केलंय, जमिनीखालचं मोजल्याशिवाय नाही.

२ मार्च

मोठ्या मॉडेलांबद्दल छोटी नोंद. हवामानाचे जे जागतिक अंदाज निघतात त्यांच्या आधीच्या फेरीत जवळपास सगळ्या मॉडेलांत जमिनीचा कार्बन मातीतल्या पोषणाशिवायच चालायचा, माझ्या ७ जानेवारीच्या ग्राफसारखा. २०१५ मध्ये विल वीडर आणि सहकाऱ्यांनी त्या अंदाजांना नंतरून नायट्रोजन-फॉस्फरसची मर्यादा लावून बघितली. २१०० पर्यंतची झाडांची वाढ नायट्रोजनमुळे १९ टक्के कमी निघाली, दोन्हींमुळे २५ टक्के, आणि जमीन कार्बन घेणारी न राहता सोडणारी झाली. पुढच्या फेरीत तुलना केलेल्या ११ पैकी ६ मॉडेलांत नायट्रोजन आला. फॉस्फरस अजून अगदीच थोड्यांत. अॅमेझॉनसाठी १४ मॉडेलांची तुलना २०१९ मध्ये झाली, फॉस्फरस धरला की सीओटूमुळे वाढणारं जंगलाचं वजन सरासरी निम्म्यावर येतं.

म्हणजे हवेत अजून किती सोडायची मुभा आहे याचे जे आकडे आपण वापरतो त्यात जमीन किती घेईल हा भाग गृहीत आहे, आणि तो भाग बऱ्याच ठिकाणी मुळं नसलेल्या झाडांवर उभा आहे. याची काळजी वाटते, आणि वाटायलाच हवी.

८ मार्च

मायक्रोब्स आधी, झाड नंतर, असा क्रम लावून सगळे रन परत केले. तरुण जमीन, एक्टो बुरशी: वाढ टिकते, माती थोडी कार्बन गमावते. तरुण जमीन, आर्बस्क्युलर: उसळी आणि घसरण. म्हातारी जमीन, फॉस्फरस चिकटलेला: पानं जास्त कार्बन घेतात, मुळांतून तो बाहेर पडतो, मातीचा श्वास वाढतो, खोड जिथे होतं तिथेच. ताळेबंद तिन्ही रनमध्ये शेवटच्या दशांशापर्यंत जुळला.

जुना क्रम ठेवला तर तिसऱ्या रनमध्ये खोड वाढतं. फक्त कोण आधी जेवतं एवढ्यानेच.

मानौसजवळ आता अॅमेझॉनचं स्वतःचं फेस उभारलं जातंय, म्हाताऱ्या उष्ण जंगलातलं पहिलंच इतकं मोठं. त्यांचे निकाल यायच्या आधी म्हणून आज आमचा रन ४७ कुलूपबंद करून ठेवला, सरांकडे एक कॉपी, पार्टनरकडे एक, तारीख घालून. त्यात लिहिलंय: पानं जास्त कार्बन घेतील, बारीक मुळं वाढतील, मातीतून जास्त सीओटू निघेल, पहिली पाच वर्षं खोडांत फरक दिसणार नाही. चुकलं तर कुठला बॉक्स चुकला ते शोधता यावं म्हणून प्रत्येक बॉक्सचा वेगळा आकडाही शेजारी लिहून ठेवलाय.